न जळालेला हिरवा फ्यूज

मित्रांनो, जळणं हेच ज्याचं काम, त्यानं न जळाल्याबद्दल मान खाली घालावी, हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण माझी गोष्ट तशीच आहे. मी एका जुन्या गाडीतला हिरवा फ्यूज. आकारानं तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. खाली दोन चपटे पाय, वर हिरवं पारदर्शक प्लास्टिक आणि पोटात धातूची एक अरुंद पट्टी. माझ्यात आजही काही बिघाड नाही. पट्टी शाबूत आहे, पाय सरळ आहेत. लाज वाटते ती त्याचीच.

आमचं काम तुम्हाला सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तारेला झेपेल तेवढीच वीज आम्ही पुढे जाऊ देतो. जास्त येऊ लागली की आमच्या पोटातली पट्टी वितळते, वाट तुटते, वीज थांबते आणि तार वाचते. आम्ही जातो, गाडी राहते. म्हणून आमच्यात रंग असतात. बारीक तारेला नाजूक तांबडा फ्यूज, जाड तारेला माझ्यासारखा दणकट हिरवा. डोक्यावर आकडाही छापलेला असतो. तांबड्याच्या डोक्यावर दहा, माझ्या डोक्यावर तीस.

कारखान्यात मी यंत्राच्या तोंडातून ट्रेमध्ये पडलो तेव्हा अंग अजून गरम होतं. तिथे भिंग लावून तपासणाऱ्या एक मावशी बसलेल्या असत. त्यांनी मला उजेडासमोर धरलं, उलटंसुलटं केलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ कसा ठणठणीत उतरलाय." झालं! त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात जी हवा शिरली, ती पुढे कित्येक वर्षं निघाली नाही.

मला एका नव्या गाडीत पंख्याच्या जागेवर बसवलं. उन्हाळ्यात गाडीतल्या माणसांना वारा मिळायचा तो माझ्या पोटातून जाणाऱ्या विजेवर. आमची पेटी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खाली. तिथून दिसायचं फार थोडं, ऐकू मात्र सगळं यायचं. गाडीचे मालक बदलले. रंग विटला, दारांच्या रबराला चिरा पडल्या, सीटचा स्पंज कडेनं डोकावू लागला. शेवटी गाडी बाईंच्या हाती आली.

बाई म्हणजे गाडी शिकवणाऱ्या बाई. त्यांचा क्लास फक्त बायकांसाठी होता आणि क्लासची गाडी एकच, आमची. बाईंचं तोंड फाटकं, पण शिकवणं पक्कं. एक धडा त्या पहिल्याच दिवशी घोकून घ्यायच्या. "गाडीत काहीही होवो, आधी हँडब्रेक, मग किल्ली, मग माणसं बाहेर. रडायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी." बायका हसायच्या, पण घरी जाऊन भांडी घासतानासुद्धा ते पुटपुटायच्या म्हणे.

आता माझ्या शेजाऱ्याचं सांगतो. माझ्या बाजूच्या घरात, म्हणजे ब्रेकचे दिवे आणि हॉर्न यांच्या जागेवर, एक तांबडा राहायचा. पण त्या घरात कुणी टिकेना. आज बसवला की चार दिवसांत फट्. तो गेला की ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागत नसत आणि हॉर्नही मुका व्हायचा. बाई चिमट्यानं त्याला उपटायच्या, "मेल्या, तुझ्यात काही दमच नाही," म्हणायच्या आणि डबीतला दुसरा लावायच्या.

मित्रांनो, मी त्या तांबड्यांना हसायचो. "बोट लावलं की मिटलास! लाजाळूचं झाड आहेस का रे?" असं काहीबाही बोलायचो. एक तांबडा जाताजाता मला म्हणाला होता, "मागे कुठेतरी तार उघडी पडून पत्र्याला घासतेय. कुणीतरी बघा." मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." तो पुढे काही बोलला नाही. बोलायला उरलाच नव्हता.

बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्यानं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. "बाई, फ्यूज बदलून काय होणार? हे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. तार शोधावी लागेल. दोन दिवस गाडी सोडा."

"दोन दिवस? आणि माझ्या बायका काय हवेत स्टिअरिंग फिरवतील?"

"मग तोवर बदलत राहा. पण तांबडाच लावा हं. मोठा लावू नका."

"एवढं कळतं मला," बाई फणकारल्या. "पुढच्या आठवड्यात आणते गाडी." तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही.

त्याच सुमाराला क्लासमध्ये ताई आल्या. ताई म्हणजे बाईंच्या थोरल्या जाऊबाई. ताईंचा आणि त्यांच्या नवऱ्याचा धुलाईचा कारखाना होता. इस्पितळाच्या चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट धुऊन, इस्त्री करून परत पोचवायचे. चादरी धुवायच्या ताईंनी आणि व्हॅन चालवायची त्यांच्या नवऱ्यानं, अशी वाटणी. पण आता त्यांच्या नवऱ्याची नजर अधू झाली होती. समोरचा सायकलवाला त्यांना अगदी जवळ आल्यावर दिसायचा. त्यांनी निमूटपणे किल्ली खुंटीला लावली आणि व्हॅनला गिऱ्हाईक शोधलं. व्हॅन गेली की चादरी कोण पोचवणार? म्हणजे कारखानाही बंद. तेव्हा ताई म्हणाल्या, "मी शिकते. लायसनच्या परीक्षेपर्यंत थांबा."

घरात हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पोरं मोठी झाली, केस पांढरे झाले, आणि आता गाडी? त्यात ताई परीक्षेत आधी दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा गाडी मागे घेताना खांबाला टेकवली. तरी बाईंनी त्यांना सोडलं नाही. कारण बाई स्वतः गाडी शिकायला निघाल्या तेव्हा अख्ख्या घरानं नाकं मुरडली होती. एकट्या ताईंनी बाईंचं तान्हं मूल कडेवर घेतलं आणि म्हटलं होतं, "तू जा गं. इथलं मी बघते." हे बाईच एकदा रिकाम्या गाडीत स्वतःशी बोलल्या होत्या, म्हणून मला ठाऊक.

तिसऱ्या परीक्षेचा दिवस आला. ताईंच्या नवऱ्यानं आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "या खेपेला नाही झालं, तर गिऱ्हाइकाला हो म्हणतो. माझ्यानं आणखी थांबवत नाही."

परीक्षेच्या मैदानावर गाड्यांची रांग होती. आमच्या पुढे दुसऱ्या क्लासची चकचकीत नवी गाडी. त्या क्लासच्या मालकाचं आणि बाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बाई त्याला 'शोरूम' म्हणायच्या. आमचा नंबर जवळ आला तसं बाईंनी सवयीनं ताईंना ब्रेक दाबायला लावून मागे जाऊन दिवे पाहिले. एक नाही, दोन नाही. तांबडा पुन्हा गेला होता.

ब्रेकचे दिवे नसतील तर साहेब परीक्षा घेतच नाहीत, गाडी बाजूला काढायला लावतात. बाईंनी ताईंना नळावर पाणी पिऊन यायला पिटाळलं. डबी उघडली. डबीत एकही तांबडा शिल्लक नव्हता. बाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्या थांबल्या, मित्रांनो. चिमटा माझ्या डोक्यावर टेकवून त्या क्षणभर थांबल्या, हे मी विसरणार नाही. त्यांना सगळं कळत होतं. तरी त्यांनी मला पंख्याच्या घरातून उपटलं आणि शेजारी खुपसलं. "आजचा दिवस निभावून ने रे बाबा," त्या पुटपुटल्या. मागचे दिवे लागले. मला वाटलं, चला, या गाडीत कुणाला तरी माझी किंमत कळली! तांबड्यांना जे जमलं नाही ते मी करून दाखवीन, असं मी मनाशी ठरवलं. नको त्या घरात जाऊन बसलो होतो आणि ऐट तर जावयाची!

ताई स्टिअरिंगवर बसल्या, शेजारी साहेब. परीक्षा घेणारे हे साहेब देहानं चांगलेच भारी होते आणि ऊन मी म्हणत होतं. बसल्याबसल्या ते म्हणाले, "जरा पंखा लावा हो." ताईंनी बटण फिरवलं. पंखा कुठला लागायला, त्याचा फ्यूज तर मीच! ताई ओशाळल्या. "काल तर चालू होता, साहेब."

गाडी निघाली. वळण छान झालं, चढावर गाडी मागे घरंगळली नाही. पण प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय पडला की डिकीच्या बिजागरीपाशी ती उघडी तार पत्र्याला चिकटत होती आणि माझ्या पोटातून विजेचा लोंढा मागे धावत होता. माझ्या हिशोबानं तो लोंढा काहीच नव्हता. मला तर नुसती ऊब लागत होती. तारेच्या हिशोबानं मात्र ती भट्टी होती. तांबडा असता तर पहिल्याच वेळी वितळून मोकळा झाला असता आणि खेळ थांबला असता. मी मात्र ताठ उभा होतो, आणि माझ्यामुळे त्या बिचारीचं अंग गालिच्याखाली पायापासून डोक्यापर्यंत सोलून निघत होतं. तारेला ओरडता येत नाही. येतो तो फक्त वास.

शेवटी गाडी मागे घ्यायची पाळी आली. दोन खांबांच्या मधून, सावकाश, ब्रेक दाबत दाबत. गाडी निम्मी आत गेली आणि सीटच्या कडेनं धुराची पहिली रेघ वर आली. मग डॅशबोर्डखालून. मग गाडी धुरानं भरली.

साहेब ओरडले, "अहो, आग! आग!"

ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवून बाहेर काढली. साहेबांचा पट्टा अडकला होता, तो त्यांना सुटेना. जन्मभर ओल्या चादरी पिळलेल्या हातांनी ताईंनी तो हिसडा देऊन सोडवला, वाकून त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. मग स्वतः उतरल्या. आणि मग, सगळ्यात शेवटी, मैदानात उभ्या राहून रडायला लागल्या.

बाई धावत आल्या. ब्रेकच्या दिव्यांना किल्लीशी देणंघेणं नसतं, आणि आता वितळलेल्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणून ब्रेकवरून पाय निघाला तरी वीज वाहतच होती. कुठे हात घालायचा हे बाईंना पक्कं माहीत होतं. खोकत खोकत त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि उघड्या बोटांनी मला ओढून काढलं. मागच्या तापलेल्या तारेचा बोटांना चटका बसला. तरी त्यांनी मला टाकलं नाही. मूठ आवळली. धूर हळूहळू थांबला.

भोवती लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "काकू, गाडी चालवायची असते, पेटवायची नसते!" खसखस पिकली. ताई पदरानं तोंड पुसत साहेबांना म्हणत होत्या, "माझंच चुकलं, साहेब. भीतीनं मी ब्रेक फार जोरात दाबला. सारखा दाबत राहिले. पंख्याचं बटणही मीच उगाच फिरवलं." परीक्षा बघायला आलेला त्यांचा नवरा काठी टेकत पुढे आला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. "चल घरी. जीव वाचला, पुरे झालं. आपल्याला नाही जमायचं ते. गिऱ्हाइकाला मी आजच निरोप धाडतो." ताईंनी मान हलवली. "हो. धाडा."

आणि बाई? बाई बाजूला मूठ आवळून उभ्या होत्या, आणि मी त्या मुठीत होतो.

त्या मुठीतला अंधार मला अजून आठवतो. बाहेर सगळं ऐकू येत होतं. एक शब्द बोलल्या की क्लास बंद होणार होता, परवाना जाणार होता, 'शोरूम' आयुष्यभर दात काढणार होता. न बोलल्या तर कुणाला काही कळणार नव्हतं. जुनी गाडी, जळाली, संपलं. बाईंच्या तळहाताला घाम सुटला होता. आणि मी, ठणठणीत, अखंड, एकही डाग न पडलेला! मला वाटलं, आत्ता तरी वितळावं. या घामात विरघळून जावं. पण आता वितळून काय उपयोग? ज्या वेळी वितळायचं त्या वेळी मी छाती काढून उभा होतो.

साहेबांनी विचारलं, "बाई, गाडी तुमची ना? कशानं झालं हे?"

बाईंनी मूठ आणखी आवळली. ताईच पुन्हा म्हणाल्या, "तिला कशाला विचारता, साहेब? तिनं बिचारीनं चांगलं शिकवलं. हातच माझे आडदांड."

त्या 'बिचारी'नं बाई खचल्या. त्यांनी मूठ उघडली.

"ताईंचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की साहेबांना कान पुढे करावा लागला. मग बाई मोठ्यानं म्हणाल्या, "दहाच्या जागी मी तीसचा फ्यूज लावला. सकाळी, इथेच. तार उघडी आहे हे मला कितीतरी दिवसांपासून माहीत होतं. गाडी मी जाळली."

मैदानात कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात एवढ्या डोळ्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा कुणी पाहू नये असं मला वाटत होतं.

ताईंचं रडं थांबलं. त्या जवळ आल्या. बाईंच्या बोटांवरच्या फोडाकडे त्यांनी पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे.

"मी रडत होते तेव्हा तू हा मुठीत धरून उभी होतीस?"

"हो."

"हे व्हॅन विकायचं म्हणत होते तेव्हाही?"

"हो, ताई."

ताई साहेबांकडे वळल्या. "साहेब, मी नापास झाले का परीक्षा अर्धी राहिली?"

साहेबांनी घाम पुसला. "अर्धी राहिली."

"मग उरलेली घ्या."

पण कुठल्या गाडीवर? बाई कुणालाही काही न विचारता रांगेकडे चालू लागल्या. सरळ 'शोरूम'पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत हात जोडून त्यांनी गाडी मागितली. त्यानं बाईंकडे पाहिलं, किल्ली काढली आणि म्हणाला, "न्या. हिच्यात ज्याचा फ्यूज त्याच्या जागी आहे." बाईंनी खाली बघून किल्ली घेतली. एरवी त्या माणसाची त्यांनी सालपटं काढली असती.

ताईंनी परकी गाडी त्या दोन खांबांमधून मागे घेतली. खांबाला धक्का लागला नाही. साहेबांनी मान डोलावली. ताईंच्या नवऱ्याला लांबून नीट दिसलं नाही. "काय झालं? लागली का?" तो शेजारच्याला विचारत होता. मग त्याला कळलं आणि तो काठी काखेत मारून टाळ्या वाजवू लागला. ताई त्याच्याबरोबर घरी गेल्या. बाईंना त्यांनी हाक मारली नाही.

बाईंचा परवाना गाडी दुरुस्त होऊन तपासली जाईपर्यंत रोखला गेला. वायरिंगवाल्यानं गालिचा उचलला तर खाली काळा गोळा झालेला. सगळ्या तारा एकमेकींना चिकटलेल्या. त्यानं एक तार बोटानं वेगळी केली आणि एवढंच म्हणाला, "ही पेट्रोलच्या टाकीकडे जाते. हिचं साल वितळायचंच राहिलं होतं." बाई तिथेच पडलेल्या टायरवर बसल्या.

ताई कित्येक दिवस बाईंशी कामापुरतंच बोलल्या. चादरी मात्र वेळेवर पोचत होत्या. व्हॅन हातात घेतल्यावर ताईंनी सगळ्यात आधी काय केलं असेल? ती वायरिंगवाल्याकडे सोडली. नवरा म्हणाला, इस्पितळवाले खोळंबतील. ताई म्हणाल्या, "दोन दिवस हातगाडीनं पोचवू."

पुढे क्लास पुन्हा सुरू झाला. माझ्या जागी पंख्याला दुसरा हिरवा आला. मला बाईंनी जळक्या तारेच्या तुकड्याबरोबर एका बशीत ठेवलं. नव्या बायका आल्या की आधी ती बशी फिरते. "यातलं बिघडलेलं कुठलं?" बाई विचारतात. सगळ्या तारेकडे बोट दाखवतात. कुणीतरी मला उचलून म्हणतंच, "हा चांगला आहे की! परत लावता येईल."

मग बाई सगळी हकीकत सांगतात. पहिल्यांदा सांगितली त्या दिवशी ताई दारात व्हॅन लावून आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. बाईंनी तांबड्याचं सांगितलं, माझं सांगितलं, धुराचं सांगितलं. मग जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, "तर मग मी साहेबांना खरं ते सांगितलं. आता हँडब्रेककडे वळू या."

"मुठीचं राहिलं," ताई मागून म्हणाल्या.

वर्ग वळून बघू लागला. बाईंचे कान लाल झाले. मग त्यांनी मुठीचंही सांगितलं, सगळं, ताई काय म्हणत होत्या आणि आपण कशा गप्प होतो तेसुद्धा. सांगून झाल्यावर ताई उठल्या, पुढे येऊन त्यांनी बशीतून मला उचललं आणि पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीच्या हातावर ठेवलं. "हं, आता पुढे फिरवा," त्या म्हणाल्या, आणि जाताजाता बाईंच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी, गाडीत, कुठेही फ्यूज उडाला तर त्याला नावं ठेवू नका. तो तुमच्यासाठी गेलेला असतो. तो का गेला ते शोधा, आणि त्याच्या जागी त्याच्याच रंगाचा, त्याच्याच आकड्याचा लावा. माझ्यासारखा दणकट कुणी समोर दिसला आणि मनात आलं की आजचा दिवस याच्यावर निभावून नेऊ, तर कृपा करून त्याला त्याच्या जागेवरच राहू द्या. मी नको म्हणायला हवं होतं. पण चिमटा धरणाऱ्याला आम्हाला नको म्हणता येत नाही, तुम्हाला येतं.